लिसानियासनं विचारलंच नाही

आयुष्यभर मी त्याला 'मेल्या' म्हणत आले आणि परवा तो खरोखरच मेला. काल उजाडायच्या आत नेऊन पुरलाही. मी रीतीप्रमाणे केस मोकळे सोडले, छाती बडवून घेतली, गळा काढला. गळा माझा चांगला आहे. शेजारणी म्हणाल्या, काय रडलीस गं बाई, दगडाला पाझर फुटला असता. फुटू दे. दगडाचा आणि लिसानियासचा कधी संबंध आला नव्हता.

परवा दिवसभर येणारा-जाणारा दारातल्या सुतकाच्या पाण्यात हात बुडवून एकच पालुपद लावत होता. काय भला माणूस! कायदा कसा तोंडपाठ! मी मान खाली घालून ऐकलं, कारण प्रेत घरात असताना वाद घालू नये. आता मध्ये चांगली हातभर माती आहे. तेव्हा बसा, अंजीर घ्या, आणि खरं काय ते ऐका. मी मूळची स्फेत्तोसची. आमच्या गावचा सिरका अथेन्सच्या बाजारात झोंबरा म्हणून नावाजलेला आहे, आणि आमच्या गावच्या बायकासुद्धा.

शिवाय आज गप्प बसवत नाही त्याला कारण आहे. माझ्या लेकीवर, मेलित्तावर हक्क सांगायला एक बहाद्दर आज सकाळीच शहराकडे गेलाय. तिचा संसार मोडून, तिला उचलून आपल्या घरी न्यायची म्हणतो. आणि ही वेळ तिच्यावर आणली तिच्या ह्या कायदा तोंडपाठ असलेल्या बापानं. म्हणून ह्या बापाचं चरित्र ऐकायलाच हवं.

लिसानियास म्हणजे पायानिया गावचा, हिमेट्टस डोंगराच्या उतारावर बापानं मांडून ठेवलेली मधाची मडकी सांभाळणारा माणूस. काम मधमाश्या करायच्या आणि दमायचा हा. बोलायच्या आधी खाकरायची सवय. 'मीठ दे' म्हणायचं असलं तरी आधी उपरणं डाव्या हातावर घ्यायचा, हनुवटी वर करायचा, 'अहं... अहं...' करायचा, आणि मग मीठ मागायचा. तोवर रस्सा गार. पोळ्यांपुढं उभा राहून भाषणाचा सराव करायचा, 'अथेन्सच्या पुरुषहो!' अशी सुरुवात करून. एकदा एका माशीला ते असह्य झालं आणि तिनं ओठाला डंख मारला. ओठ सुजला होता तेवढे दिवस घरात काय शांतता नांदली म्हणून सांगू!

लढाईवरही गेला होता बरं का. बिओशियाच्या हद्दीवर. शत्रू दिसायच्या आधी ह्याला हगवण लागली आणि झुडपामागं बसून ह्यानं ती मोहीम काढली. घरी आल्यावर ढाल भिंतीवर टांगली आणि तिच्याकडं बघून उसासे टाकायचा, जणू काय रक्ताचे पाट वाहिले होते! एकदा चिठ्ठी निघाली आणि गावच्या जत्रेत बळीचं मांस वाटायचं काम एका सालापुरतं ह्याच्याकडं आलं. झालं! पुढं जन्मभर कुणाशी ओळख करून देताना सांगायचा, 'मी लिसानियास, सार्वजनिक कामाचा अनुभव असलेला.' मांस वाटण्याचा अनुभव, मेल्या, कुत्र्यालासुद्धा असतो.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. बायका काय काय चालवून घेतात. मी आत बसून सूत कातायची, मेलित्ता माझ्या पायाशी लोकरीच्या गुंड्यांशी खेळायची. तीन वर्षांची होती, गालाला हात लावला की हसायची. तेव्हा ह्याचे काका वारले आणि ह्याच्या अंगात कायदा आला.

काका म्हणजे फानोक्लीस. ह्याच्या बापाचा सख्खा भाऊ, आणि गावातलं भरलेलं घर. जैतुणाची राई, द्राक्षाचा मळा, स्वतःचा घाणा, अंगणाला फरशी. पहिली बायको निको नावाची मुलगी मागं ठेवून गेली होती. म्हातारपणी त्यांनी फिलिन्ना नावाची दुसरी केली. ती नात्यानं माझी चुलतसासू, वयानं माझ्याहून लहान. द्राक्षं काढायच्या दिवसांत काकांना ताप भरला आणि ते गेले. मुलगा नाही. मागं विधवा आणि तेरा वर्षांची निको.

आता आमचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. बापाला मुलगा नसला की मुलगी घराला चिकटून जाते. घर हवं तर मुलगी करायची, मुलगी केली की घर मिळतं. आणि पहिला मान बापाकडच्या सगळ्यांत जवळच्या पुरुषाचा. त्यानं शहरात न्याय करणाऱ्या आर्खोनपुढं जाऊन हक्क सांगायचा. त्याची स्वतःची बायको असली तर तिला पाठवून द्यायची. मुलीचं कुठं लग्न झालेलं असलं तर तेही मोडायचं, फक्त तिच्या मांडीवर मुलगा नसला पाहिजे. मुलगा असला की मग तिला कुणी हात लावू शकत नाही, घर त्या मुलाचं होतं. शहाण्या पुरुषांनी मिळून केलेला कायदा आहे. गाईबरोबर खुंटा विकावा तशी ही तऱ्हा.

जवळचा पुरुष कोण? तर आमचा खाकरणारा. काकांना पुरून आल्यावर ह्यानं हात धुतले ते धुतले आणि राईतली झाडं बघत उभा राहिला. तोंडावर दुःख होतं, पण ओठ हलत होते. मोजत होता मेला.

मी समजायचं ते समजले. पण म्हटलं, माणूस आहे, बायको-मुलीचा काही विचार करील. तेवढ्यात थेस्मोफोरियाचा सण आला. लग्न झालेल्या बायकांचा, देवीचा सण. पुरुषांनी फिरकायचं नाही, आणि तिथलं काही त्यांच्या कानावर जायचं नाही. मधला दिवस उपासाचा. आम्ही सगळ्या निर्गुडीच्या डहाळ्या पसरून भुईवर बसलेल्या. माझ्या शेजारी फिलिन्ना, अंगावर विधवेचं काळं. सकाळपासून ती हिरवीपिवळी होत होती. मग एकाएकी उठली, कोपऱ्यात गेली आणि भडभडून ओकली. पोटात अन्नाचा कण नसताना. मी मागं जाऊन तिचं डोकं धरलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते आजारी पडायच्या आधीपासून," ती म्हणाली. मग माझा हात घट्ट धरला. "बाबांनी सुईणीला बोलावून बघून घेतलंय. दोन साक्षीदार पण ठेवलेत. पण बाहेर कुणाला बोललो नाही. घराच्या किल्ल्या सध्या कुणाकडं आहेत, तुला ठाऊकच आहे."

किल्ल्या माझ्या नवऱ्याकडं होत्या. मी तिला 'सांगणार नाही' असं म्हटलं नाही आणि 'सांगीन' असंही म्हटलं नाही. डोकं धरून उभी राहिले. पण आजूबाजूच्या बायकांना काय डोळे नव्हते? संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून साऱ्या बायकांना कळलं की फानोक्लीसच्या घरात कुणीतरी यायचंय. आणि गावातल्या एकाही पुरुषाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सण आटोपून घरी आले. रात्रभर विचार केला. म्हटलं, फिलिन्नाला धक्का न लावता ह्याला नुसतं थांबवता आलं तर बघू. नाहीतर हा काहीतरी करून बसायचा. सकाळी हा मधात पाव बुडवत बसला होता.

मी म्हटलं, "अहो, काकांच्या घरचं एक सांगायचंय. घाई करू नका. परवा उपासाच्या दिवशी फिलिन्ना—"

"थांब!" पाव हवेतच राहिला. "उपासाच्या दिवशी? म्हणजे तिथं? अगं, पुरुषाच्या कानावर घालायच्या गोष्टी आहेत का त्या?"

"देवीचं काही नाही हो. माणसाचंच आहे."

"तिथं घडलं ते सगळं देवीचं. मी सार्वजनिक कामाचा अनुभव असलेला माणूस. उद्या हक्क सांगायला उभं राहायचंय, आणि तू मला देवीचा गुन्हेगार करतेस?"

"अहो, पण तुमच्याच फायद्याचं—"

त्यानं कानात बोटं घातली. खरंच घातली, मधानं माखलेली. दोन्ही कोपरं बाहेर काढून बसून राहिला, डोळे मिटून, मी खोलीतून जाईपर्यंत. नंतर कान धुताना त्याला कितीतरी वेळ लागला. मी पाणी ओतून दिलं नाही.

मग हिवाळा आला. हा रोज काकांच्या घरी फेरी मारायचा. भलेपणा असा की विधवेकडं मान वर करून बघायचा नाही. परक्या बाईकडं बघू नये, तिचं विचारू नये, नाव काढू नये, हे सगळे सभ्य गृहस्थ पाळतात, आणि हा तर सभ्यतेचा बाप! रांजणात काठी घालून तेल किती ते मात्र बघायचा. एकदा घरी येऊन म्हणतो, "काकूला दुःख मानवलेलं दिसतंय. काळ्या शालीतसुद्धा चांगली भरलीय. बार्लीच्या भाकरी किती खाते त्यावर नजर ठेवायला हवी. आता ते धान्य माझंच म्हणायचं."

मी चरकले, मग हसू आवरेना म्हणून कातायची टकळी घेऊन आत गेले.

हसू फार दिवस टिकलं नाही. निको माझ्याकडं आली. हाडांच्या सोंगट्या मुठीत धरलेल्या, नाक वाहत होतं. "वहिनी," म्हणाली, "दादा म्हणतो मला दादा म्हणू नकोस. मग काय म्हणू?"

तेव्हा मला ह्या माणसाची जी किळस आली ना, ती आजतागायत गेलेली नाही. पोरीनं जन्मापासून ह्याला दादा म्हटलेलं. मी तिचं नाक पुसलं आणि म्हटलं, "काही म्हणू नकोस. थोडे दिवस गप्प राहा."

शहरात कुणी भाषणं लिहून देणारा ह्याला भेटला होता. त्यानं पढवलं की आर्खोनपुढं मोकळा माणूस म्हणून उभा राहा, म्हणजे पंचांवर छाप पडते. बायको नंतर सोडीन म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतो? ह्याला ते पटलं. दुसऱ्याच्या तोंडचं ह्याला लगेच पटायचं. ऐन लग्नसराईच्या महिन्यात, गावात वराती निघत होत्या तेव्हा, ह्यानं उपरणं हातावर घेतलं आणि माझ्यापुढं खाकरला.

"अहं... हे बघ, तुझ्यात काही दोष नाही. कायदा मला बोलावतोय."

"कधी बोलावलं? मला नाही ऐकू आलं."

"चेष्टा नको. काकांचं घर ओस पडू द्यायचं?"

"आणि हे घर?"

"इथं मेलित्ता आहे की. थ्रेसची दाई आहे. तुझा भाऊ उद्या गाडी घेऊन येतोय. हुंडा परत मिळेल, मी नियमाला धरून वागणारा माणूस आहे."

मूल बापाचं. हाही कायदाच. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ सोस्ट्रॅटस गाडी घेऊन दारात उभा राहिला. मेलित्ता दाईच्या कडेवर होती. तिला वाटलं मी जत्रेला चाललेय. 'मला पण, मला पण' करून हात पुढं करत होती. एक वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. 'तुझी काकू पोटुशी आहे, बैला.' एवढं म्हटलं असतं की हा गाडीपुढं आडवा पडला असता. पण ते माझ्यासाठी नव्हे. फायदा नाही म्हणून. उद्या दुसरा काका मेला असता तर पुन्हा मला गाडीत घातलं असतं. आणि किल्ल्या ह्याच्याकडं होत्या, फिलिन्ना पोटात वारस घेऊन त्या घरात एकटी झोपत होती. मी विचारलं, "काही विचारायचंय मला? शेवटचं?"

"काय विचारायचं?" हा म्हणाला. "सगळं ठरलंय."

मी गाडीत बसले.

त्या महिन्यांबद्दल फार बोलत नाही. एकदा दाईनं चोरून मेलित्ताला झऱ्यावर आणलं. पोरीच्या केसांत उवा झाल्या होत्या. मी हात पसरले तर ती दाईच्या मागं लपली आणि माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तशी बघायला लागली. परवा मी रडले ते रीतीचं होतं. त्या दिवशी झऱ्यावर बसून मी खरी रडले, आणि रडता रडता त्या खाकरणाऱ्याचा सत्यानाश होवो म्हणून सगळ्या देवांना हाका मारल्या. एकानं तरी ऐकलं असावं.

वसंत ऋतूत सुनावणी लागली. सोस्ट्रॅटस मुद्दाम बघायला गेला आणि येऊन त्यानं नक्कल करून दाखवली, म्हणून मला आत्ता डोळ्यांपुढं दिसतं. लिसानियास उभा राहिला. धुतलेलं उपरणं, दाढीला तेल. खाकरला. "अथेन्सच्या पुरुषहो! माझ्या काकांची चूल विझू नये म्हणून मी माझी स्वतःची चूल विझवून तुमच्यापुढं आलोय!" पाठ केलेलं सगळं म्हणून झालं. पंच माना डोलवत होते. मग फिलिन्नाचा म्हातारा बाप काठी टेकत पुढं आला.

"भाषण छान होतं," म्हातारा म्हणाला. "पण चूल विझलेली नाही. माझी मुलगी सात महिन्यांची पोटुशी आहे. जावई गेले त्याच महिन्यात सुईणीनं बघितलंय, हे दोन साक्षीदार. हा भला माणूस त्या घरात रोज येतो. ह्याला दिसलं नाही?"

"मी... अहं... मी परस्त्रीकडे बघत नाही," लिसानियास म्हणाला.

सोस्ट्रॅटस सांगत होता, ताई, आधी एक पंच हसला, मग दुसरा, मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, 'स्वतःच्या स्त्रीकडं तरी बघायचास, गड्या!' आणि मग सगळी सभा पोट धरून हसायला लागली. आर्खोनसुद्धा हसला. मग त्यानं निकाल दिला, मूल होईपर्यंत थांबा.

थांबला बिचारा. स्वतःच्या घरात मुलगा व्हावा म्हणून ह्यानं देवांचं डोकं उठवलं होतं. आता दुसऱ्याच्या घरात मुलगी व्हावी म्हणून आर्टेमिसला मधाच्या वड्या वाहायला लागला. मुलगी झाली असती तर निकोच्या वाट्याचं निदान अर्धं घर तरी पदरात पडलं असतं. एका सकाळी फानोक्लीसच्या दारावर जैतुणाची माळ लागली. मुलगी झाली की लोकर टांगतात, मुलगा झाला की जैतूण. गावातले सगळे ती माळ बघायला गेले, हा सोडून. बाळाचं नाव थिओदोतस ठेवलं. निकोला फिलिन्नाच्या म्हाताऱ्या बापानं एका चांगल्या तरुणाला दिली. ती आजही भेटली की मला वहिनी म्हणते. ह्याला मात्र तिनं पुन्हा कशानंच हाक मारली नाही.

मग एक दिवस माझ्या भावाच्या अंगणात खाकरणं ऐकू आलं. हातात मधाचं गाडगं. तेही लहानातलं.

"झालं गेलं विसरून जाऊ," म्हणाला. "मेलित्ता तुझी आठवण काढते."

"तुम्हाला कोण विचारतंय आता शहरात?" सोस्ट्रॅटसनं टोमणा मारला. "लोक रस्त्यात डोळे झाकून चालतात म्हणे तुमची नक्कल करत."

मी आतून सगळं ऐकत होते. भावाला आत बोलावलं. म्हटलं, जाईन. पोरीसाठी जाईन. पण चोरासारखी मागच्या दारानं नाही. त्यानं पहिल्यासारखी वरात काढली पाहिजे. गाडी, मशाली, बासरीवाली, आणि चुलीपुढं बसवून डोक्यावरून सुकी अंजिरं नि बदाम ओतले पाहिजेत. सगळ्या गावासमोर.

आणि काढली की त्यानं वरात! दिवेलागणीला साऱ्या पायानियातून आमची गाडी निघाली. नवरीच्या जागी मी, केस पांढरे व्हायला लागलेली, आणि माझ्या मांडीवर मेलित्ता. नवऱ्यामुलाच्या डोक्यावर फुलांचा गजरा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. पोरंटोरं ओरडत होती, बायका दारांत उभ्या राहून पदरात हसत होत्या. फिलिन्ना आपल्या दारात बाळाला घेऊन उभी होती. तिनं बाळाचा हात धरून माझ्याकडं हलवला.

त्यानंतर मी त्याच्याबरोबर संसार केला, म्हणजे भाकऱ्या केल्या. जे विचारलं त्याला उत्तर दिलं. तो फार विचारायचा नाही.

मेलित्ता मोठी झाली, प्रासिएला समुद्राकाठी एका भल्या माणसाकडं दिली. तिला दोन मुली झाल्या. मी ह्याच्या मागं लागले, "अहो, जावयाला दत्तक घ्या. मुलगा म्हणून नाव लावा. नाहीतर तुमच्या मागं पोरीचं काय होईल? तुम्ही निकोचं केलंत तेच उद्या कुणीतरी हिचं करील."

"मी काय मरायला टेकलोय?" दात पडलेला, गुडघे धरून उठणारा माणूस मला म्हणतो, "अजून मला मुलगा होईल."

"कुणापासून?" मी विचारलं. तो गुडघे धरून उठला आणि पोळ्यांकडं निघून गेला.

शेवटी मरण आलं तेही भाषणानंच. बोचऱ्या वाऱ्यात, शहरात लोकांची सभा भरते त्या टेकडीवर दिवसभर उभा राहिला, बोलायची पाळी येईल म्हणून. पाळी आली नाही, छातीत थंडी मात्र भरली. परवा अंथरुणावर हनुवटी वर केली, हात उपरण्यासाठी चाचपला आणि खाकरला. आम्ही सगळे वाकलो, म्हटलं आता काहीतरी सांगणार, निदान मुलीचं नाव तरी घेईल. पुढं काहीच आलं नाही. त्या खाकरण्यातच गेला.

आणि बापाकडचा सगळ्यांत जवळचा पुरुष आता कोण? फानोक्लीसचा मुलगा. तोच थिओदोतस, ज्याच्यासाठी मी जीभ चावून गाडीत बसले होते. एकोणीस वर्षांचा झालाय. आला तो प्रेताच्या पायाशी उजवा हात वर करून उभा राहिला, रीतीप्रमाणे. वाटलं, चला, पोरगं गुणाचं निघालं. सगळी व्यवस्था त्यानंच अंगावर घेतली. खांदा दिला, वाइन ओतली. मग परत येताना पोळ्यांच्या रांगेपाशी थांबला. ओठ हलायला लागले.

 अंगणात येऊन त्यानं उपरणं डाव्या हातावर घेतलं आणि काय सांगू तुम्हाला, खाकरला! तस्सा!

"वहिनी, जावई दिसले नाहीत."

"त्याला यायचं नव्हतं."

"आणि मेलित्ता? बाप मेला तरी मुलगी येत नाही?"

"तिलाही यायचं नव्हतं."

"म्हणजे कुणाला काही सोयरसुतक नाही," तो म्हणाला. "मग ह्या घराचं बघायला कुणीतरी हवं. मी उद्या आर्खोनकडे जातोय. हक्क सांगणार. वाईट वाटून घेऊ नका, कायदाच आहे."

कितीही झालं तरी ह्याच्या आईचं डोकं मी धरलं होतं. मी म्हटलं, "बाळा, जाण्याआधी एक ऐक. ती का आली नाही ते—"

"वहिनी," हात वर करून तो म्हणाला, "बायकांच्या कुरबुरी मला सांगू नका. मी कायद्याचं बोलतोय."

मग मी नाही बोलले. मी एकदा सांगते.

त्याला यायचं नव्हतं म्हणजे यायची मनाई होती. ज्या पहाटे इथं हा गेला, त्याच पहाटे प्रासिएला मेलित्ता बाळंत झाली. सोयर असलेल्या घरातून कुणी मयताला कसं येईल? सुईणीच्या मुलीनं धावत येऊन माझ्या कानात सांगितलं, तेव्हा मी प्रेताखाली रीतीची ओव्याची पानं पसरत होते. आनंदानं ओरडणार होते, म्हणून तोंडावर पदर ओढून जोरात रडायला लागले. तेच ते रडणं, शेजारणींना आवडलेलं. मेलित्ताच्या दारावर जैतुणाची माळ लागलीय. ताजी. रस्त्यावरून जाणाऱ्या गाढवालासुद्धा दिसते. पण प्रासिएचा रस्ता एकीकडं आणि शहराचा दुसरीकडं, आणि आमचा बहाद्दर आज शहराच्या रस्त्यानं गेलाय, धुतलेलं उपरणं घेऊन. आत्ता आर्खोनच्या दारात उभा असेल. पुन्हा सगळी सभा हसणार. माझ्या पोरीला आता कुणी हात लावत नाही. कधीच लावणार नाही.

आता ही बघा, फिलिन्ना आली. ये गं, बस. भुईवरच बस, सुतकाचं घर आहे. म्हातारी झालीस तू पण. तुला प्रासिएचं कळलं का?

"कालच कळलं," ती म्हणाली. "सगळ्या बायकांना कळलंय."

"मग पोराला सांगितलं नाहीस? तुझा मुलगा आहे. शोभा होईल त्याची."

"सांगायला गेले होते की. सकाळी निघताना दारात गाठलं. म्हटलं, अरे, मेलित्ताचं ऐकलंस का?"

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, तू आत जा."

"आणि?"

"आणि काय, गेले आत," फिलिन्ना म्हणाली, आणि तिनं अंजिरांची टोपली आपल्याकडं ओढली.